ऑर्व्हल फॉबस आणि 'काळाचे अपत्य' नावाची पळवाट

१) इतिहासाच्या चर्चेत एक वाक्य फार स्वस्तात मिळते : "तो त्याच्या काळाचे अपत्य होता." हे वाक्य उच्चारले की पुढचा विचार थांबतो. आरोपीही सुटतो आणि न्यायाधीशही. या धाग्यात त्या वाक्याची परीक्षा एकाच माणसावर घेऊ. अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्याचा १९५५ ते १९६७ या काळातला गव्हर्नर, ऑर्व्हल फॉबस. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२) जगाला फॉबस ज्या छायाचित्रामुळे ठाऊक आहे, त्यात तो स्वतः नाही. ४ सप्टेंबर १९५७, लिटल रॉक शहर. काळा चष्मा घातलेली पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड वही कवटाळून चालते आहे. मागे गोऱ्यांचा जमाव किंचाळतो आहे. तिला सेंट्रल हायस्कूलच्या दारातून परत फिरवणारे सैनिक मात्र जमावाचे नव्हते. ते राज्याचे होते आणि त्यांना तिथे उभे करणारी सही फॉबसची होती.

३) फॉबसचे बचावकर्ते मूर्ख नाहीत, म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडू. ते चार गोष्टी सांगतात. एक, दक्षिणेतला कोणताही राजकारणी तेव्हा असेच वागला असता. दोन, त्याने गार्ड बोलावले ते रक्तपात टाळण्यासाठी. तीन, तो मनाने वर्णद्वेष्टा नव्हता. चार, तो नसता तर त्याहून वाईट माणूस आला असता. चारही मुद्दे ऐकायला भारदस्त वाटतात. आता एकेक तपासू.

४) प्रथम माणूस. जन्म ७ जानेवारी १९१०, आर्कन्सॉच्या वायव्येकडील ओझार्क डोंगरांतल्या मॅडिसन काउंटीत. घर गरिबीचे. वडील सॅम फॉबस कट्टर समाजवादी. इतके की त्यांनी मुलाचे मधले नाव 'यूजीन' ठेवले, ते समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांच्यावरून. ज्या घरात भांडवलशाहीवर आणि विषमतेवर रोज टीका होत असे, त्या घरात हा मुलगा वाढला.

५) हा तपशील गंमत म्हणून सांगत नाही. 'काळाचे अपत्य' म्हणणाऱ्यांना आपण विचारले पाहिजे : कोणता काळ? त्याच काळात, त्याच राज्यात, त्याच्याच घरात वेगळा विचार नांदत होता. १९३५ मध्ये फॉबस मीना गावाजवळच्या कॉमनवेल्थ कॉलेजात थोडे दिवस राहिला होता. ही डाव्या विचारांची, कामगार चळवळीशी जोडलेली संस्था होती. दुसऱ्या जगाची खिडकी त्याच्यासाठी कधीच बंद नव्हती.

६) पुढे खेड्यातला शाळामास्तर, हंगामी फळतोडणी मजूर, मग दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढलेला लष्करी अधिकारी. परतल्यावर हंट्सव्हिल या लहान गावी पोस्टमास्तर आणि स्थानिक वृत्तपत्राचा मालक. उदारमतवादी गव्हर्नर सिड मॅकमॅथ यांनी त्याला डोंगरातून राजधानीत आणले, रस्ते विभागात मोठ्या जागी बसवले. म्हणजे राजकारणातली त्याची पहिली शिडी सुधारणावाद्यांनीच लावलेली होती.

७) १९५४ मध्ये फॉबसने विद्यमान गव्हर्नर फ्रान्सिस चेरी यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत आव्हान दिले. (तेव्हा दक्षिणेत ही फेरी जिंकणे म्हणजेच निवडणूक जिंकणे.) चेरींनी कॉमनवेल्थ कॉलेजचा जुना संबंध उकरून त्याला कम्युनिस्ट ठरवू पाहिले. डाव उलटला. मतदारांना तो सूड वाटला आणि फॉबस सुमारे ७,००० मतांनी निवडून आला.

८) त्याच वर्षी, १७ मे १९५४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन' खटल्यात शाळांमधले वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले होते. आर्कन्सॉत काय झाले? चार्ल्सटन आणि फेएटव्हिल या गावांनी १९५४ मध्येच शाळा एकत्र केल्या. राज्य विद्यापीठाच्या विधी शाखेने सिलास हंट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला १९४८ मध्ये, म्हणजे निकालाच्या सहा वर्षे आधी, प्रवेश दिला होता. लिटल रॉकच्या शहर बसमधले विभाजनही १९५६ मध्ये गाजावाजा न होता संपले होते.

९) १९५५ च्या उन्हाळ्यात हॉक्सी या लहान गावाच्या शाळा मंडळाने स्वतःहून मुले एकत्र बसवली. 'लाइफ' मासिकाने छायाचित्रे छापली आणि बाहेरून आलेल्या विभाजनवाद्यांनी गावाला घेरले. मंडळ डगमगले नाही. न्यायालयात गेले आणि जिंकले. गव्हर्नर फॉबस तेव्हा काय करीत होता? काहीच नाही. हा स्थानिक प्रश्न आहे, ही त्याची तेव्हाची भूमिका. हे 'काहीच नाही' लक्षात ठेवा.

१०) म्हणजे १९५५ चा फॉबस आणि १९५७ चा फॉबस यांत काळ बदललेला नाही. राज्य तेच, मतदार तेच, न्यायालयाचा निकालही तोच. मग बदलले काय? बदलले ते निवडणुकीचे गणित. १९५६ मध्ये जिम जॉन्सन नावाच्या कडव्या विभाजनवाद्याने त्याला आव्हान दिले. फॉबस जिंकला, पण मते कुठल्या हाकेला धावून येतात हे त्याने त्या प्रचारात पाहिले.

११) गव्हर्नरची मुदत तेव्हा दोन वर्षांची. रिवाज दोनदाच निवडून देण्याचा. तोवर जेफ डेव्हिस या एकाच गव्हर्नरने, विसाव्या शतकाच्या आरंभी, तीन वेळा विजय मिळवला होता. फॉबसला तिसरी मुदत हवी होती. त्यासाठी पूर्वेकडील कापूसपट्टा, जिथे विभाजनवाद सर्वांत घट्ट होता, जवळ करणे भाग होते. १९५७ च्या अधिवेशनात करवाढ झाली आणि त्याच अधिवेशनातल्या चार विभाजनवादी कायद्यांवर त्याने सह्या केल्या.

१२) आता सेंट्रल हायस्कूल. शहराच्या शाळा मंडळाने स्वतः आखलेली, अतिशय सावध आणि संथ योजना. दोन हजारांच्या आसपास गोऱ्या विद्यार्थ्यांमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुले. नऊ! या नऊ जणांपासून राज्य वाचवण्यासाठी २ सप्टेंबर १९५७ च्या रात्री फॉबस दूरचित्रवाणीवर आला आणि शाळेभोवती नॅशनल गार्ड उभे केल्याचे त्याने जाहीर केले.

१३) इथे दुसरा बचाव येतो : रक्तपात टाळायचा होता. शस्त्रांची विक्री वाढली आहे, गाड्यांचे ताफे शहराकडे निघाले आहेत, असे त्याने सांगितले. फेडरल तपास यंत्रणेने चौकशी केली. या दाव्यांना आधार सापडला नाही. शहराचे महापौर वुड्रो मॅन यांनीही हिंसेची ही भाकिते फेटाळली. संकट आधी घोषित झाले आणि जमाव त्या घोषणेमागून आला.

१४) आणि समजा, भीती खरी होती. तरी प्रश्न उरतोच : बंदुका कोणाकडे रोखल्या? जमाव कायदा मोडतो आहे आणि मुलगी न्यायालयाच्या आदेशानुसार शाळेत जाते आहे. शांततारक्षक सैनिक या दोघांपैकी कोणाला अडवील? फॉबसच्या सैनिकांनी मुलीला अडवले. दंगलीचे भय दाखवून दंगलखोरांची मागणी पूर्ण करणे, याला शांततारक्षण म्हणत नाहीत. त्याला शरणागती म्हणतात, आणि इथे तर ती आनंदाने पत्करलेली होती.

१५) पुढचा घटनाक्रम अधिक बोलका आहे. १४ सप्टेंबरला फॉबस ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टला अध्यक्ष आयझेनहॉवर यांना भेटला. २० सप्टेंबरला न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस यांनी मनाई हुकूम दिला. फॉबसने गार्ड सरळ काढून घेतले. मुलांच्या संरक्षणासाठी तेच गार्ड ठेवता आले असते. ते त्याने ठेवले नाहीत. तो जॉर्जियातल्या सी आयलंडला दक्षिणी गव्हर्नरांच्या परिषदेस निघून गेला.

१६) २३ सप्टेंबरला सुमारे हजाराचा जमाव शाळेपुढे जमला. ॲलेक्स विल्सन या कृष्णवर्णीय पत्रकाराला मारहाण झाली. नऊ मुले बाजूच्या दाराने आत पोचली, पण दुपारच्या आतच त्यांना बाहेर काढावे लागले. ज्या दिवशी हिंसा खरोखर झाली, त्या दिवशी हिंसेच्या भीतीने व्याकूळ झालेला गव्हर्नर राज्यात नव्हता आणि त्याचे सैनिक शाळेपुढे नव्हते. दुसरा बचाव इथेच कोसळतो.

१७) २४ सप्टेंबरला महापौरांनी मदत मागितली. आयझेनहॉवरनी १०१ वी हवाई तुकडी पाठवली आणि राज्याचे सुमारे १०,००० गार्ड फेडरल आदेशाखाली घेतले. २५ तारखेला नऊ मुले संगिनींच्या पहाऱ्यात वर्गात गेली. फॉबसने लगेच 'आपले राज्य व्यापले गेले' असा सूर लावला. स्वतः लावलेल्या आगीवर पाणी मारायला आलेल्यांनाच घुसखोर ठरवण्याची ही कला आजही जगात जुनी झालेली नाही.

१८) आता पहिला बचाव : "दक्षिणेत दुसरे कोणी काय केले असते?" याचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही. शेजारच्या टेनेसी राज्यात क्लिंटन नावाचे गाव आहे. सप्टेंबर १९५६. बारा कृष्णवर्णीय मुले तिथल्या हायस्कूलमध्ये गेली. बाहेरच्या चिथावणीखोराने दंगल पेटवली. गव्हर्नर फ्रँक क्लेमेंट यांनी नॅशनल गार्ड पाठवले, ते शाळा चालू राहावी म्हणून. केंटकीचे गव्हर्नर हॅपी चँडलर यांनीही त्याच महिन्यात स्टर्जिस गावी तेच केले.

१९) हे दोघे संत नव्हते. दोघेही मतांवर जगणारे मुरलेले राजकारणी. त्यांचा काळ फॉबसचाच होता, पक्ष तोच, हाताशी असलेले साधनही तेच. त्यांनी त्या साधनाचे तोंड जमावाकडे केले. फॉबसने, बरोबर एक वर्षाने, मुलांकडे. काळ जर सर्वांना एकाच साच्यात ओतत असता, तर हा फरक आला कोठून?

२०) फ्लोरिडाचे लरॉय कॉलिन्स हे तर अधिक अवघड उदाहरण. १९५६ ची निवडणूक तेही विभाजनाचे समर्थक म्हणूनच लढले होते. पण १९५७ मध्ये विधिमंडळाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झुगारणारा ठराव केला, तेव्हा त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने निषेध लिहिला. मार्च १९६० मध्ये दूरचित्रवाणीवरून त्यांनी दुकानांतल्या भेदभावाला अनैतिक म्हटले. पुढे सिनेटची निवडणूक ते हरले. किंमत मोजावी लागते, हे खरे. पण किंमत मोजणे आणि पर्याय नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२१) फॉबसला किंमत नव्हे, मोबदला मिळाला. जुलै १९५८ च्या प्राथमिक फेरीत त्याने जवळपास ६९ टक्के मते आणि राज्यातल्या सर्वच्या सर्व ७५ काउंट्या जिंकल्या. डिसेंबर १९५८ च्या गॅलप पाहणीत अमेरिकनांनी सर्वाधिक वाखाणलेल्या दहा पुरुषांत त्याचे नाव होते. एकूण सहा वेळा तो गव्हर्नर झाला. नाइलाजाने केलेल्या कृत्यावर कोणी इतकी वर्षे व्याज खात नाही.

२२) आणि तो १९५७ वर थांबलाही नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'कूपर विरुद्ध आरन' खटल्यात विलंबाची मागणी फेटाळली. त्याच दिवशी फॉबसने शाळा बंद करण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. लिटल रॉकची चारही हायस्कूले, गोऱ्यांची आणि काळ्यांची, संपूर्ण वर्षभर बंद राहिली. सुमारे ३,६६५ विद्यार्थ्यांचे हे 'हरवलेले वर्ष'.

२३) मतदारांचा कौल घेतला गेला, पण प्रश्नच असा रचला होता की एक तर सर्व शाळांचे संपूर्ण एकत्रीकरण, नाही तर टाळे. १९,४७० विरुद्ध ७,५६१ मतांनी टाळे जिंकले. शिक्षक करारबद्ध असल्यामुळे रिकाम्या वर्गांत येऊन बसत. फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले! बहुतेक गोऱ्या मुलांनी कुठे ना कुठे सोय पाहिली. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळपास निम्म्यांना त्या वर्षी कोणतीच शाळा मिळाली नाही.

२४) तिसरा बचाव : "तो मनाने द्वेष्टा नव्हता." मला हे मान्य आहे. हॉक्सीच्या वेळी तो गप्प राहिला, पक्षाच्या राज्य समितीत त्याने कृष्णवर्णीयांना स्थान दिले, हे सारे नोंदलेले आहे. पण हा बचाव नव्हे, हा तर आरोपपत्राचा सर्वांत जड परिच्छेद आहे. ज्याला खरोखर वाटते की काळी मुले कमी दर्जाची आहेत, तो अज्ञानाच्या अंधारात आहे. ज्याला तसे वाटत नाही आणि तरीही तो त्यांना दारातून हाकलतो, तो डोळे उघडे ठेवून सौदा करतो.

२५) या सौद्याची जाणीव त्याच्या घरातही होती. म्हातारे सॅम फॉबस 'आर्कन्सॉ गॅझेट'ला टोपणनावाने पत्रे लिहून विभाजनवादी धोरणांवर टीका करीत, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या कारभारावर. ज्याला आपण 'त्या काळाचा माणूस' म्हणतो, त्याचा बाप त्याच्याही आधीच्या काळातला होता. आणि बाप पुढचे पाहत होता.

२६) चौथा बचाव : "तो नसता तर जिम जॉन्सन आला असता." हा युक्तिवाद फसवा आहे, कारण जॉन्सनची धोरणे फॉबसने राबवली, तेव्हा जॉन्सन न येताच आला होता. उलट १९६६ मध्ये फॉबस रिंगणाबाहेर पडला आणि जॉन्सनला डेमोक्रॅटिक उमेदवारी खरोखर मिळाली. काय झाले? मतदारांनी त्याला पाडून विन्थ्रॉप रॉकफेलर यांना, म्हणजे पुनर्रचनेच्या काळानंतरच्या पहिल्या रिपब्लिकनाला, निवडून दिले. ज्या भुताची भीती घातली जात होती, त्याला लोकांनी स्वतःच परत पाठवले.

२७) इथे दुसऱ्या बाजूलाही थोडे बोलले पाहिजे. फॉबसला एकटा राक्षस ठरवणे ही सुद्धा एक पळवाटच आहे. मार्च १९५६ च्या विभाजनवादी 'दक्षिणी जाहीरनाम्या'वर आर्कन्सॉच्या आठही प्रतिनिधींनी सह्या केल्या होत्या. त्यांत सिनेटर फुलब्राइट होते, ज्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीसाठी आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी अर्ज करतात. आयझेनहॉवरनी 'ब्राउन' निकालाचे उघड समर्थन टाळले. सभ्य माणसांच्या मौनानेच फॉबसला मैदान मोकळे मिळाले.

२८) आणि ज्यांनी मौन सोडले, त्यांचे काय झाले तेही पाहा. नऊ मुलांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या डेझी बेट्स यांचे 'स्टेट प्रेस' हे वृत्तपत्र जाहिराती आटल्याने १९५९ मध्ये बंद पडले. मध्यस्थी करू पाहणारे काँग्रेस सदस्य ब्रुक्स हेज नोव्हेंबर १९५८ मध्ये पराभूत झाले. 'गॅझेट'ने पुलित्झर पारितोषिके मिळवली आणि वाचक गमावले. ॲडॉल्फीन टेरी यांच्या पुढाकाराने गोऱ्या स्त्रियांनी शाळा उघडण्यासाठी समिती काढली. मे १९५९ मध्ये ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढण्याचा डाव मतपेटीतून हाणून पाडण्यात तिचा वाटा होता.

२९) हे सारे लोक त्याच काळाचे, त्याच शहराचे. 'काळाचे अपत्य' म्हणणारा इतिहासकार फॉबसला सवलत देताना या सर्वांना काळातून हद्दपार करतो. एलिझाबेथ एकफर्ड १९५७ ची नव्हती काय? डेझी बेट्स कोणत्या शतकातल्या? 'त्या काळी सर्वांनाच तसे वाटे' या वाक्यातल्या 'सर्व' या शब्दात काळी माणसे मोजलेलीच नसतात. या युक्तिवादावर माझा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे.

३०) विकासाचे काय? शिक्षकांचे पगार वाढले, उद्योग आले, मतिमंद मुलांसाठी कॉनवे येथे संस्था उभी राहिली, बफेलो नदीवरच्या धरणाला त्याने १९६५ मध्ये विरोध केला. हे सर्व खरे आहे आणि लिहिले गेले पाहिजे. पण इतिहास हे किराणा दुकान नाही, की या पारड्यात रस्ते आणि त्या पारड्यात मुले टाकून वजन जुळवावे. कोणता रस्ता किती शाळाबंदीची भरपाई करतो, याचा दर अजून कोणी ठरवलेला नाही.

३१) शेवट थोडक्यात. १९७०, १९७४ आणि १९८६ अशा तीन वेळा त्याने परतण्याचा प्रयत्न केला. अनुक्रमे डेल बम्पर्स, डेव्हिड प्रायर आणि बिल क्लिंटन यांनी त्याला हरवले. मधल्या काळात हंट्सव्हिलच्या बँकेत रोखपाल म्हणूनही त्याने काम केले. १४ डिसेंबर १९९४ रोजी तो वारला. ज्या मतांसाठी सारे केले, ती मते त्याच्या हयातीतच दुसरीकडे गेली होती.

३२) मग 'काळ' या शब्दाचा उपयोगच नाही काय? आहे. काळ पर्यायांची किंमत सांगतो. कोणता पर्याय महाग, कोणता स्वस्त, हे काळावाचून कळत नाही. पण निवड काळ करीत नाही, माणूस करतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी, कोणत्याही देशाच्या, कोणत्याही शतकाच्या नेत्यासाठी हे वाक्य पुढे केले, की तीन प्रश्न विचारा.

३३) पहिला : त्याच काळात, त्याच अधिकारपदावर असलेले इतर कसे वागले? दुसरा : हाच माणूस दोन वर्षांपूर्वी कसा वागला होता? तिसरा : ज्यांना झळ बसली, त्यांना 'त्या काळा'त मोजले आहे काय? फॉबस तिन्ही प्रश्नांत नापास होतो. आपले लाडके नायक यांपैकी किती प्रश्नांत उत्तीर्ण होतात, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे तपासावे.

३४) धागा इथे संपतो. मतभेद असल्यास जरूर मांडा, फक्त घटना आणि तारखा घेऊन या. 'तेव्हा असेच होते' एवढेच उत्तर असेल, तर कृपया मुद्दा १८ पुन्हा वाचा.